गटाराचा ग्लास

मित्रांनो, मी एक जुना काचेचा ग्लास आहे. ग्लास म्हटले म्हणून हात पुढे करू नका. माझ्यातून कोणी पाणी पीत नाही. मी हातभर उंच आहे. अंगावर तळापासून वरपर्यंत रेघा आहेत आणि माझ्यात बरोबर एक लिटर मावते. काठाचा एक टवका उडाला आहे. सातशे मिलिलिटरच्या वरच्या रेघा घासून घासून पुसल्या गेल्या आहेत. रोज सकाळी दहा वाजता माझ्यात गावाच्या गटाराचे पाणी भरतात.

ऐकून तुम्ही नाक मुरडले असेल. मुरडा. आजवर पुष्कळांनी मुरडले. पण ते पाणी माझे नाही, तुमचे आहे. तुम्ही अंघोळ केलीत, भांडी विसळलीत, संडासात बादली ओतलीत आणि विसरून गेलात. मी विसरत नाही, एवढाच माझा गुन्हा.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. आम्ही चाळीस भावंडे एकाच दिवशी भट्टीतून निघालो. एक कामगार बाई आमच्यावर रेघा उमटवत होती. तिचा हात कधी हलला नाही, म्हणून मी आजही बरोबर मोजतो. भावंडांतली काही शाळांत गेली, काही दवाखान्यांत. मलाही शाळेत जायचे होते. पण माझी पेटी एका जीपमध्ये चढली. ती जीप एका इंजिनिअर बाईंची होती. सतरा लहान गावांची सांडपाण्याची केंद्रे त्या एकट्या बघत. आज इथे, उद्या तिथे. म्हणून गावोगावचे लोक त्यांना फिरत्या मॅडम म्हणत.

आमच्या गावाचे केंद्र शेवटच्या घराच्या पुढे, उतारावर आहे. सगळ्या मोऱ्यांचे पाणी नळातून तिथे येते. आधी जाळी लागते, तिथे चिंध्या अडकतात. मग मोठी टाकी, तिच्यात यंत्राने हवा सोडतात. मग दुसरी टाकी, तिथे गाळ खाली बसतो. तिथून पाणी पाणकणसांच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, वाफ्यातून झिरपते आणि ओढ्याला मिळते. बांधून सगळे तयार होते. फक्त सांभाळायला माणूस नव्हते.

मॅडमनी गावाची बैठक बोलावली. मला टेबलावर उभे केले आणि विचारले, “कोण बघणार? मी महिन्यातून एकदा येईन. बाकीचे एकोणतीस दिवस तुमचे.”

लोक छताकडे बघू लागले. एकाने खोकून घेतले. तेव्हा मागच्या बाकावरून सुताराची बायको उठली.

“मी बघते.”

“सुताराच्या घरात काय कमी पडलं, की गटारात उतरायची वेळ आली?” कोणीतरी म्हणाले आणि बरेच जण हसले.

ती हसणे थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, “माझं माहेर खालच्या वस्तीत आहे, ओढ्याच्या काठाला. तिथल्या विहिरीत काय झिरपतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही इथे हात धुता आणि माझी आई ते पाणी पिते. हसा आता.”

मग कोणी हसले नाही.

मॅडम तिला आठ दिवस शिकवत होत्या. ती जेमतेम चार इयत्ता शिकलेली, पण प्रश्न नेमके विचारायची. मॅडम म्हणाल्या, “ताई, टाकीतल्या गाळात जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. तुमची घाण हे त्यांचं खाणं, आणि श्वासाला त्यांना हवा लागते.”

“म्हणजे विरजणच की,” ती म्हणाली. “जपलं तर उद्याचं दही. मेलं तर नासलेलं दूध.”

मॅडम तेव्हापासून सतरा गावांत असेच सांगू लागल्या.

माझे काम सोपे होते. हवेच्या टाकीतले तपकिरी पाणी माझ्यात भरायचे आणि अर्धा तास मला हलवायचे नाही. टाकी निरोगी असेल तर गाळ सावकाश खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरते. गाळ कोणत्या रेघेपर्यंत बसला, तो आकडा ती खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायची. दोनशे तीस. दोनशे साठ. आकडा फार चढला तर थोडा गाळ काढायची, उतरला तर राखायची. नवऱ्याने मला उभे राहायला लाकडाची बैठक करून दिली होती. सुंदर काम होते, कुठेही डुगडुगत नव्हते. पण तो स्वतः फाटकाच्या आत येत नसे.

“तुझा तो गटाराचा ग्लास घरात आणू नकोस,” तो म्हणायचा.

“तुमच्या अंगाला सरसाचा वास येतो, मी कधी बोलले?” ती म्हणायची.

त्यावरूनच माझे नाव पडले. गावाने हसण्यावारी नेले. तिने ते पाटीवर लिहून फाटकाला लावले: गटाराचा ग्लास, सकाळी दहा वाजता, बघायला यावे. लोक खरेच येऊ लागले.

त्या अर्ध्या तासात ती माझ्यासमोर स्टुलावर बसून शर्टांना बटणे लावायची. वाट बघणे हेही कामच आहे, असे ती म्हणे. घाई केली आणि मला हलवले तर मी खरे सांगू शकत नाही.

जाळीत जे सापडेल ते ती धुऊन फाटकाजवळच्या तारेवर वाळत घालायची. मोजे, चमचे, एकदा तर एक अख्खा परकर. “ज्याचं त्याने घेऊन जावं,” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लाजेने असेल, पण महिनाभरात लोक चिंध्या संडासात टाकायचे बंद झाले. फक्त एक वस्तू तिने तारेवर घातली नाही. ती होती खालच्या दातांची कवळी. गावसमितीचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर होते, आणि ते चार दिवस तोंडावर रुमाल धरून हिंडत होते. तिने कवळी तीनदा उकळली, डब्यात घातली, डबा फडक्यात बांधला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. घरी नवऱ्याला सांगितले, बाहेर कोणाला नाही. कवळीचे मला ठाऊक आहे, कारण केंद्रावर ती उकळत होती तेव्हा मी शेजारीच होतो.

ती अकरा वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे. शाळेतल्या मुली बघायला आल्या. एकीने विचारले, “काकू, हे वरचं पाणी पिता येईल का?” ती म्हणाली, “नाही. पण वाफ्यात बेडूक राहायला आलाय. तो खोटं बोलत नाही.” बाहेरगावचे लोक येऊन माझा फोटो काढून गेले. खालच्या वस्तीतून तिची आई आली, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “तरीच म्हटलं, हल्ली विहिरीचं पाणी बेचव का लागतं.” घाणीची चव गेली होती. ती आमची सगळ्यात मोठी शाबासकी.

मग ती आजारी पडली. पोटाचे दुखणे होते, टाकीशी त्याचा संबंध नव्हता, पण काही लोक तसे बोलले. ते खोटे होते, म्हणून सांगून ठेवतो. ती तीन महिने अंथरुणाला होती. सकाळी दहाला नवऱ्याला म्हणायची, “चला ना एकदा माझ्याबरोबर, दाखवते कसं करायचं. सोपं आहे.” तो म्हणायचा, “तू बरी झालीस की तूच कर.” त्याला वाटायचे, आपण शिकलो तर ती जाणार हे कबूल केल्यासारखे होईल. म्हणून तो शिकला नाही. ती गेलीच.

दारावरचा तिचा शेवटचा आकडा दोनशे चाळीस.

ती अंथरुणाला लागली तेव्हापासूनच समितीने नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला रोज यंत्राचे बटण दाबायला सांगितले होते. तो बटण दाबून निघून जायचा. ती गेल्यावर मला कोणीतरी समितीच्या कचेरीत नेले आणि माझ्यात प्लॅस्टिकची फुले खोचली. मित्रांनो, मी फुटलो असतो तर इतके वाईट वाटले नसते. तिथे मी महिनाभर सुंदर दिसत होतो आणि कोणाच्याही उपयोगाचा नव्हतो.

आता जे सांगतो ते नीट ऐका. आमच्या गावाने एक चूक केली, आणि ती प्रेमाने केली.

ती गेल्याला महिना झाला तेव्हा गावाने ठरवले की तिच्या आठवणीत एक दिवस स्वच्छतेचा पाळायचा. एकशे चाळीस घरांनी एकाच सकाळी आपापल्या मोऱ्या आणि संडास धुऊन काढले. फिनाईल ओतले, ब्लीचिंग पावडर ओतली, नळ मोकळे करायचे जळजळीत तेजाब ओतले. बायका डोळे पुसत फरशी घासत होत्या. आणि सुतार पहिल्यांदा फाटकाच्या आत आला. त्याच्या दोन हातांत फिनाईलचे दोन मोठे कॅन होते. तिची जागा एकदा तरी चांगल्या वासाची व्हावी, असे त्याच्या मनात होते. त्याने दोन्ही कॅन हवेच्या टाकीत रिकामे केले.

त्या दिवशी केंद्राला दवाखान्यासारखा वास येत होता. लोक म्हणाले, तिला बरे वाटले असेल.

पाचव्या दिवशी टाकीवर पांढरा फेस चढला. आठव्या दिवशी वास शेवटच्या घरापर्यंत आला, दहाव्या दिवशी शाळेपर्यंत. पाणकणसांची टोके काळी पडली. बेडूक दिसेनासा झाला. मग खालच्या वस्तीतून सुताराची सासू चढ चढून आली. तो रंधा मारत होता. तिने त्याच्या कामाच्या फळीवर पाण्याचा डबा ठेवला आणि झाकण काढले.

“हुंगा, जावईबापू.”

त्याने हुंगले आणि मान वळवली.

“विहिरीचं आहे,” ती म्हणाली. “मुलगी तुम्हाला दिली होती, तेव्हा तिने आमचं पाणी सुधारलं. ती गेली, तर पाणी पुन्हा पहिल्यासारखं पाठवून दिलंत? आम्ही आता ओढ्याच्या वरच्या अंगाला जातो घागर घेऊन. या वयात.”

ती चहाही न घेता निघून गेली. सुताराने त्या दिवशी पुन्हा रंध्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी फिरत्या मॅडम आल्या. आल्या त्या थेट कचेरीत. “ग्लास कुठे आहे?” त्यांनी विचारले, आणि मला बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी फुले उपटून टेबलावर टाकली आणि मला घेऊन टाकीवर आल्या. मागोमाग समिती आली, सुतारही आला. मला भरले. अर्धा तास सगळे उभे होते. माझ्यात काहीच खाली बसले नाही. वरपासून खालपर्यंत एकच करडे, गढूळ पाणी. मला लाज वाटली नाही. मी खरे तेच दाखवत होतो.

“काय ओतलंत?” मॅडमनी विचारले.

सुतार पुढे आला. “घरोघरी ओतलं. आणि मी इथे ओतलं. फिनाईल. दोन कॅन.”

“दादा, फिनाईल जंतू मारतं. या टाकीत दुसरं काय होतं?”

तो टाकीकडे बघत तिच्या स्टुलावर बसला. स्टुलाच्या फळीच्या फटीत एक बटण अडकलेले होते. त्याने ते नखाने काढले आणि खिशात घातले. मी अगदी समोर होतो. तो रडला नाही. पण तो ज्या तऱ्हेने उठला, ते बघून मला वाटले, आता हा माणूस कोणाचे ऐकणार नाही.

पोस्टमास्तरांनी कागद काढला. वरच्या कार्यालयाचा होता. तीस दिवसांत पाणी सुधारले नाही तर केंद्राला कुलूप घालायचे आणि सगळ्या गावाचे सांडपाणी नळाने थेट ओढ्यात सोडायचे, तात्पुरते.

“तात्पुरतं म्हणजे किती, मास्तर?” सुताराने विचारले. “माझी सासू मरेपर्यंत, की तिची नातवंडं म्हातारी होईपर्यंत?”

“अरे, मेलेलं कसं जिवंत करणार? तुला यातलं काय येतं?”

“काही येत नाही. पहिल्या दिवशी तिलाही येत नव्हतं.” त्याने मला रिकामे करून काखेत घेतले. “नळ जोडायला कोणी आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे. करवती माझ्याकडे बारा प्रकारच्या आहेत.”

“धमकी देतोस काय?”

“नाही. हत्यारं सांगतोय.”

मॅडम खाली बघून हसल्या. पहिल्यांदाच त्या दिवशी.

विरजण आणल्याशिवाय दही लागत नाही, हे तिचेच सांगणे. पहिले पाच दिवस मॅडमनी सुताराकडून टाकीत हवा जोरात सोडवून घेतली, मेलेला गाळ उपसवून घेतला. सहाव्या दिवशी तो टेम्पो घेऊन डोंगरापलीकडच्या गावात गेला. टेम्पोत सहा पिंपे होती आणि मी होतो. तिथले लोक बघायला जमले. “लोक गावातून धान्य नेतात, तुम्ही गटार न्यायला आलात?” एक जण म्हणाला.

“आमचं आम्ही मारलं,” सुतार म्हणाला. “म्हणून मागायला आलो.”

त्या केंद्रावर एक म्हातारा होता. त्याने मला हातात घेऊन फिरवले. “हा ग्लास ओळखतो मी. तुम्ही तिचे कोण?”

“नवरा.”

म्हाताऱ्याने सहाही पिंपे काठोकाठ भरून दिली. सुतार आभार मानू लागला तेव्हा तो म्हणाला, “माझे कशाला मानता? दोन वर्षांपूर्वी माझी टाकी मेली होती. तेव्हा असाच टेम्पो भरून ती घेऊन आली होती. हे तिचंच आहे. मी फक्त सांभाळलं.”

परतीच्या वाटेवर सुतार पुढे बसला नाही. मागे पिंपांजवळ उभा राहून एका लांब फळीने गाळ ढवळत राहिला, कारण हवा मिळाली नाही तर जीव गुदमरतात. खड्ड्यांत त्याच्या अंगावर शिंतोडे उडत होते. ज्या माणसाला मी घरात चालत नव्हतो, त्याने एकदाही हात झटकला नाही.

मग तो मला घेऊन घरोघर गेला. एकशे चाळीस घरे. “महिनाभर मोरीत फिनाईल नाही, तेजाब नाही. साबण आणि कुंचा.”

“मग मोरीला वास येईल,” एक आजीबाई म्हणाली.

“येऊ दे.”

“पाहुण्यांना काय सांगू?”

“सांगा, गावात बाळंतीण आहे, जपावं लागतंय.”

आजीबाई तोंडाला पदर लावून हसली आणि फिनाईलची बाटली त्याच्या हातात दिली. काही दारे मात्र तोंडावर लागली. त्या दारांसमोर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

दारावर तिच्या दोनशे चाळीसखाली त्याने लिहायला सुरुवात केली. शून्य. शून्य. वीस. वीस. पंधरा, कारण एका घराने ऐकले नव्हते. पन्नास. सत्तर. तो सुताराची पेन्सिल वापरायचा, चपटी, म्हणून त्याचे आकडे जाड दिसतात. एका सकाळी मला धुताना त्याचा हात नळावर आपटला आणि माझा टवका उडाला. तो घाबरला. मी घाबरलो नाही. टवक्याने मोजमाप बदलत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी आकडा एकशे साठ होता. वरचे पाणी अजून धूसर होते. पोस्टमास्तर एकटेच आले.

“उद्या वरच्या कार्यालयाचे साहेब येणार,” ते म्हणाले. “असं कर, डोंगरापलीकडून एक बाटली मागव. सकाळी या ग्लासात तेच भरून ठेव. कोण बघायला येतंय? तुझ्याच भल्याचं सांगतोय.”

सुताराने मला पुसून बैठकीत उभे केले. मग वळला. “मास्तर, तुमच्या तोंडात तिने परत आणून दिलेले दात आहेत. अकरा वर्षांत तिने बाहेर कोणाला सांगितलं नाही, मीही आज पहिल्यांदा बोलतोय. त्या दातांनी मला हे सांगू नका.”

पोस्टमास्तर फाटकापर्यंत गेले आणि वळले. मग म्हणाले, “दहा वाजता ना?”

“दहा वाजता.”

तिसाव्या दिवशी साहेब आले. गावही आले, ज्यांनी दारे लावली होती तेही. खालच्या वस्तीतून सासू आली. सुताराने सगळ्यांसमोर टाकीतून पाणी काढले आणि मला भरले. साहेबांनी घड्याळ बघितले. सुतार स्टुलावर बसला आणि खिशातले ते बटण काढून आपल्या शर्टाला लावू लागला.

माझ्यात गाळ सरकू लागला. दाणे एकमेकांना धरत होते, जड होत होते, उतरत होते. अर्धा तास भरला तेव्हा गाळ एकशे ऐंशीवर होता. साहेब वाकले आणि त्यांनी माझ्या मागे आपले बोट धरून बघितले.

“बोट दिसतंय, पण नितळ नाही,” ते म्हणाले.

“नाही,” सुतार म्हणाला. “पण जिवंत आहे. हवं तर फाटकाला कुलूप घाला. मी भिंतीवरून येईन. विरजण मी मरू देणार नाही.”

“आणि मी त्याला शिडी धरीन,” पोस्टमास्तर मागून म्हणाले.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिले. कुलूप नको, दोन महिन्यांनी पुन्हा बघू, असे ते होते. सासू पुढे आली, माझ्यात डोकावली आणि म्हणाली, “अजून बेचव व्हायचं बाकी आहे.”

मित्रांनो, त्याला आता चार वर्षे झाली. विहिरीचे पाणी पुन्हा बेचव झाले आहे. मॅडमनी सुतारासाठी प्लॅस्टिकचा नवा मोजग्लास आणला, न फुटणारा. तो कपाटात आहे. मी कामावर आहे.

माझ्यावर दया करा, असे मी म्हणणार नाही. मला फुले नकोत, कपाट नको, माझ्या आठवणीत कोणी फरशी धुऊ नये. ज्याला जपायचे आहे त्याचे काम शिकून घ्या, ते माणूस असतानाच. आणि हातातली बाटली मोरीत उपडी करण्याआधी एवढे आठवा की खाली कोणाची तरी आई घागर भरते आहे. तुम्ही विसरलात तरी चालेल. मी काचेचा आहे, मला काही लपवता येत नाही. तुम्ही जे ओताल ते मी सगळ्या गावासमोर दाखवीन.

मागच्या महिन्यात एका सकाळी गाळ दोनशे चाळीसवर येऊन थांबला. सुताराने दोनदा बघितले. मग दारापाशी गेला, तिच्या आकड्यावरून एकदा बोट फिरवले आणि खाली आपला आकडा जाड लिहिला. परत आला, मला धुतले आणि बैठकीत उपडे ठेवले.

उद्या दहा वाजता मला पुन्हा भरणार आहेत.